ताट, वाट, मन

माझं खरं नाव शाळेत कुणाला आठवत नाही. मुलांना मी 'तक्तेवाल्या बाई', शिक्षकांना 'आरोग्यवाल्या', आणि वरच्या कार्यालयाला नुसती एक सही. सतरा वर्षं मी तीन शाळांमध्ये एकच काम करते आहे. मुलांनी काय खावं, घरी कसं जावं आणि मनात काही सलत असेल तर कुणाला सांगावं, हे मुलांना आणि त्यांच्या आईबापांना शिकवायचं. मुलं ऐकतात, कारण तेवढा वेळ गणित नसतं. आईबाप ऐकतात, कारण बाहेर पडायचं दार माझ्या पाठीमागे असतं.

या कामाचा एक तक्ता आहे. आठवड्याच्या पाच ओळी आणि तीन रकाने : ताट, वाट, मन. ताटात दिवसभरात काय खाल्लं ते लिहायचं, वाटेत शाळेतून घरी कोणाबरोबर आलो ते, आणि मनात कसं वाटलं ते. सोमवारी वाटायचा, शुक्रवारी दुपारी गोळा करायचा. नावं मीच सुचवली होती आणि ती छान जुळली म्हणून मला तेव्हा केवढा आनंद झाला होता. आता ते तीन शब्द कानावर आले तरी माझ्या टाचा दुखायला लागतात.

शुक्रवारी दुपारी गोळा केलेल्या तक्त्यात शुक्रवारच्या रात्रीचं जेवणही भरलेलं असतं, हे माझ्या ध्यानात यायला सहा वर्षं लागली. एका वर्गात एक्केचाळीस मुलं, म्हणजे एक्केचाळीस ज्योतिषी. ध्यानात आल्यावरही मी गप्प बसले, कारण कार्यालयात फक्त पूर्ण भरलेले तक्ते मोजतात. एक चौकोन रिकामा राहिला की तक्ता बाद. पहिल्या वर्षी माझे निम्मे तक्ते बाद झाले, तेव्हा साहेबांनी मला टेबलासमोर उभं करून विचारलं होतं, "काय हो बाई, तुमच्या मुलांना भूक लागत नाही का?" तेव्हापासून माझा वर्गातला पहिला नियम ठरला : रिकामा चौकोन चालणार नाही. रिकामा दिसला की मी लाल पेनानं त्याला गोल करते आणि खाली लिहिते, 'पूर्ण करून आण.'

मुलांना सोपं जावं म्हणून प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी एक नमुना तक्ता लावलेला आहे. माझ्याच अक्षरातला, माझ्याच घरचा. माझी मुलगी सात वर्षांची होती तेव्हाचा. त्यात सोमवारी डाळ आणि पालेभाजी, बुधवारी अंडं, रोज एक फळ. वाटेच्या रकान्यात 'बाबांबरोबर', 'आईबरोबर', पुन्हा 'बाबांबरोबर'. मनात 'आनंदी', 'छान', 'आनंदी'. तो लिहिला त्या सोमवारी आम्ही तिघांनी चहात पाव बुडवून खाल्ला होता आणि हे माझ्यावर चिडून बाहेरच्या खोलीत जाऊन झोपले होते. पण तसं लिहिलं तर तो नमुना कसला? आता मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते, हे त्यांच्या वेळेला जेवतात, मी ओट्यापाशी उभ्यानं काहीतरी तोंडात टाकते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नमुना मात्र भिंतीवर तसाच आहे, फक्त पिवळा पडलाय.

सहा महिन्यांपूर्वी माझ्या हाताखाली एक समुपदेशक मुलगी आली. तिला आम्ही 'नवी' म्हणतो. नवीला एक वाईट खोड आहे. ती तक्ते वाचते.

"ताई," ती एकदा म्हणाली, "या वर्गात बुधवारी सगळ्यांच्याच घरी अंडं कसं काय?"

"कारण नमुन्यात बुधवारी अंडं आहे."

मी हसले, ती हसली नाही. नव्यांना सगळंच मनाला लागतं. सतरा वर्षांनी तूही पाट्या टाकायला शिकशील बाई, असं मी मनात म्हटलं आणि पुढचा गठ्ठा ओढला.

त्याच वर्गात एक मुलगी आहे, बारा वर्षांची. अंगानं इतकी बारीक, की वर्गातली मुलं तिला 'काडी' म्हणतात. शाळेत आहार शिकवणारी बाई मी, आणि काडी हे नाव रोज माझ्या कानावरून जात होतं. एकदा कवायतीच्या वेळी ती चक्कर येऊन मैदानात बसली, तेव्हा मी तिला पाणी पाजलं आणि न्याहारीचं महत्त्व सांगितलं. पाच मुद्दे. ते मला झोपेतही येतात. तिनं मान हलवली आणि मी निघाले.

मागच्या महिन्यात या काडीनं तक्ता दिला. ताट भरलेलं, मन भरलेलं, आणि वाटेचा अख्खा रकाना कोरा. पाच दिवस, पाच रिकामे चौकोन. मी पाच लाल गोल काढले आणि लिहिलं, 'पूर्ण करून आण.' तिला बोलावून विचारावं असं मनात आलंही नाही. खोटं कशाला बोलू? गठ्ठा अजून अर्धा बाकी होता आणि मला घरी जायचं होतं.

सोमवारी तिनं तो पूर्ण करून आणला. पाचही चौकोनांत मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : 'बाबांबरोबर.' मी अक्षर पाहिलं, शब्द पाहिला नाही. वर तारा काढला, 'उत्तम' लिहिलं, आणि पालकसभेच्या फलकावर लावायला महिन्याचा सर्वांत चांगला तक्ता म्हणून तोच निवडला.

पालकसभा मंगळवारी दुपारी होती. मी नेहमीप्रमाणे बोलले. ताटात रंग असू द्या. मुलं कुठल्या रस्त्यानं येतात ते तुम्हाला ठाऊक असू द्या. मूल गप्प असेल तर त्याचं गप्प बसणंही ऐका. हे शेवटचं वाक्य टाळीचं आहे, तिथं मी थोडी थांबते. मागच्या बाकावर एक बाबा छातीवर हनुवटी टेकवून घोरत होते. एका आईनं विचारलं, "बाई, आमचा भाजीला तोंड लावत नाही, तुम्ही जरा दटावा ना त्याला." मी म्हटलं, दटावते. मग चहा आणि बिस्किटं आली, आणि सगळ्यांना एकदम जाग आली.

लोक पांगले तरी एक बाई फलकासमोरून हलेना. हातांची कातडी पाण्यात काम करून पांढरी पडलेली, अंगात रुग्णालयाच्या धुलाई विभागाचा निळा कोट. सुट्टीच्या दिवशीही तोच घालून आली होती, बहुतेक त्यातल्या त्यात धड तोच असावा. तिच्या हातातल्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"तुमच्या मुलीचा आहे का?" मी कौतुकानं विचारलं. "फार सुंदर अक्षर आहे हो."

"माझ्याच मुलीचा आहे," ती म्हणाली. मग तिनं त्या रकान्यावर बोट ठेवलं, अगदी हळू, ओल्या शाईवर ठेवावं तसं. "बाई, हिचे बाबा गेले. आठ महिने झाले."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या हातात बिस्किटांची ताटली होती आणि ती कुठं ठेवावी तेही मला कळत नव्हतं.

"वर्गातल्या बाईंना सांगितलं होतं मी तेव्हा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला नाही सांगितलं का कुणी?"

वर्गशिक्षिकेला ठाऊक होतं. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांनाही ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. नमुन्यातलं बघून लिहिलं असेल हो तिनं, सगळीच मुलं बघून लिहितात, असं मी कसंबसं म्हणाले. आपल्याच कामाची लाज आपल्याच तोंडानं काढायची वेळ आली होती.

"बघून लिहिलं असेल," ती म्हणाली. "पण मग ती असते कुठं? मी साडेसातला घरी येते. ती मला सांगते, चारला घरी आले. शेजारच्या काकू म्हणतात, साडेसहाशिवाय तुमच्या दाराचं कुलूप निघत नाही. मी काकूंनाच वेड्यात काढलं. मंगळवारी माझी सुट्टी असते, त्या दिवशी बरोबर चारला हजर." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "साडेतीनला शाळा सुटते. साडेसहापर्यंत माझी पोर कुठं असते, बाई?"

वाट हा माझाच रकाना. सतरा वर्षं मीच तो विचारत आले होते, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ती आजच घरी जाऊन विचारणार होती. नवी पुढं झाली आणि तिला खुर्चीवर बसवलं. "आजचा एक दिवस थांबा," नवी म्हणाली. "रागानं विचारलंत तर ती उद्या दुसरं उत्तर तयार ठेवेल. आपल्याला चालेल ते उत्तर द्यायचं, हे ती शिकलीय." कुठं शिकली ते नवीनं सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. भली पोरगी आहे.

"उद्या मी जाते तिच्याबरोबर," मी म्हटलं. "लपून नाही. तिला विचारून."

बुधवारी साडेतीनला मी फाटकाशी उभी राहिले. काडी बाहेर आली, एकटीच. दप्तर तिच्यापेक्षा मोठं.

"आज तुझ्याबरोबर येऊ का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही त्या बाजूला राहता?"

"नाही. अगदी उलट्या बाजूला."

"मग कशाला?"

काय सांगावं? समुपदेशनाच्या शिबिरात आम्हाला अशा वेळची वाक्यं पाठ करायला लावली होती, त्यातलं एकही आठवेना. "तुझी आई काल सभेला आली होती," मी म्हटलं. "तिनं तुझा तक्ता वाचला. तिला काळजी लागलीय, तू शाळा सुटल्यावर कुठं असतेस याची. आणि मलाही."

ती चपलेच्या टोकानं खडा ढकलत राहिली. मग म्हणाली, "या. पण मी थांबणार नाही हं."

आम्ही घराच्या दिशेला वळलोच नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीतून, गोदामांच्या रांगेवरून, मोठ्या रस्त्याला लागलो. तिथं मालट्रक एकामागून एक धावत होते आणि रस्ता ओलांडायला ना पट्टे ना दिवा. काडी कडेला उभी राहिली, दोन ट्रक जाऊ दिले, तिसऱ्याच्या आधी माझा हात धरून ओढत पलीकडे नेलं. माझा जीव मुठीत. रस्ता सुरक्षेवर मी वर्षाला बारा तास घेते, आणि ही पोर रोज एकटी हा रस्ता ओलांडत होती.

रस्त्याच्या पलीकडे काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता. फाटकाला लागून सायकली ठेवायची पत्र्याची शेड आणि शेडखाली एक लांब बाकडं. काडी जाऊन बाकड्याच्या टोकाला बसली, दप्तर मांडीवर घेऊन. दुसऱ्या टोकाला एका माणसाला बसता येईल एवढी जागा तिनं सोडली. मला वाटलं माझ्यासाठी, म्हणून मी बसायला गेले.

"तिथं नको," ती म्हणाली. "इकडे बसा."

मी इकडे बसले. फाटकावरचा रखवालदार, तिचा 'गेटमामा', पाण्याचा तांब्या घेऊन आला. मला पाहून तो जरा चरकला. "रोज येते हो," तो मला हळूच म्हणाला. "याच शेडखाली बसून बापाची वाट बघायची ती. आता बाप नाही, पण पोर येते. आपण कोण हुसकावणार? मला वाटलं, शाळेला ठाऊक असेल."

आईला वाटत होतं पोर घरी आहे, मामाला वाटत होतं शाळेला ठाऊक आहे. मामाला काय बोलायचं? निदान त्यानं तिला पाणी तरी दिलं होतं.

आम्ही दोन तास बसलो. मी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्यात शहाणपण कमी आणि थकवा जास्त होता. आत बाटल्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज सारखा येत होता, आणि माझ्या टाचांत ठणका बसला होता. काडीनं गृहपाठ केला. एकदा म्हणाली, "आता भोंगा होईल." आणि साडेपाचला भोंगा झाला.

भोंगा झाल्यावर तिनं डबा उघडला. आईनं सकाळी सहाला भरलेला डबा, दुपारी शाळेत न खाल्लेला. थंडगार भाजी, पाव, एक सफरचंद. फाटकातून माणसं बाहेर पडू लागली, आणि ती त्यांच्याकडे बघत बघत खाऊ लागली. एका दोघांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बाकीचे सायकली काढून निघून गेले.

"बाबांना भोंग्यापर्यंत भूक लागायची नाही," ती म्हणाली. "मला पण नाही लागायची. मी डबा ठेवायची आणि आम्ही इथं अर्धा अर्धा खायचो. मग घरी जायचो." तिनं सफरचंद बाकड्याच्या कडेवर आपटून दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढं धरला. "तुम्ही दमलेल्या दिसता."

मी तो घेतला. कवायतीत ती का बसली, काडी का झाली, सगळं त्या एका डब्यात होतं. मी न्याहारीचे पाच मुद्दे सांगितले होते.

"तक्त्यात मी खोटं नव्हतं लिहिलं," ती एकदम म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आधी रिकामंच ठेवलं होतं. मी येते कोणाबरोबर ते मला लिहिता येईना. एकटी लिहावं तर मला तसं वाटत नाही. तुम्ही गोल केलेत आणि लिहिलंत, पूर्ण करून आण. म्हणून मग लिहिलं. फक्त मंगळवारचं खोटं आहे. मंगळवारी मी सरळ घरी जाते."

"तुझी चूक नाही त्यात," मी म्हटलं. "ते गोल मी काढायला नको होते. चूक माझी."

मोठ्या माणसानं अशी कबुली दिली की मुलांना अवघडल्यासारखं होतं. तिनं डब्याचं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं. मग म्हणाली, "आईला सांगू नका. ती रडते. मग डोळे सुजतात आणि कामावर त्यांचा मुकादम तिला बोलतो."

हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं. पण सतरा वर्षांत एवढी एक गोष्ट मी खरी शिकले आहे, की मुलाला न पाळता येणारा शब्द द्यायचा नाही. "सांगावं लागेल," मी म्हटलं. "आईनंच मला विचारलंय. आणि तो रस्ता फार वाईट आहे. तू सांगतेस, की मी सांगू?"

तिनं दप्तर उचललं आणि ती चालू लागली, माझ्यापुढं दहा पावलं. ट्रकच्या रस्त्याला मात्र थांबली, मागे न बघता हात मागे केला, माझा हात धरून मला पलीकडे नेलं आणि पुन्हा दहा पावलं पुढं गेली. घराच्या जिन्यापाशी पोचलो तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. "तुम्ही सांगा," ती म्हणाली. "पण रडवू नका." मग दोन पायऱ्या चढून वळली. "तुम्ही फार हळू चालता."

आईला मी फोनवर एवढंच सांगितलं, की पोर सुखरूप आहे, कुणी वाईट माणूस नाही, बाकीचं सकाळी भेटून सांगते. सकाळी रुग्णालयाच्या मागच्या बाजूला, वाफेनं भरलेल्या खोलीत, ती आणि मी एका चादरीची दोन दोन टोकं धरून घड्या घालत होतो, कारण काम थांबवायची तिला परवानगी नव्हती. मी सगळं सांगितलं. बाकडं, भोंगा, अर्धा डबा, सोडलेली जागा. तिनं घडी मोडली नाही. चादर पूर्ण झाल्यावर म्हणाली, "मी त्या रस्त्यानं जात नाही, बाई. आठ महिने झाले. बाजारात जायचं तरी वळसा घालून जाते. आणि ती रोज तिथं जाऊन बसते."

तिनं पुढची चादर उचलली, मग खाली ठेवली, आणि मुकादमाकडे गेली. दुरून मला बोलणं ऐकू आलं नाही. मुकादम हात हलवत होता, ती हलत नव्हती. शेवटी त्यानंच मान हलवली.

तिथून मी शाळेत गेले आणि त्या वर्गातला नमुना भिंतीवरून काढला. कोपरे चिकटपट्टीसकट भिंतीचा रंग घेऊन आले. कोरा तक्ता घेऊन मी तिथंच मुलांच्या बाकावर बसले आणि तो भरला, या आठवड्याचा, माझा. सोमवार. ताट : कालचं उरलेलं, उभ्यानं. वाट : एकटी. मन : दमले. मंगळवार. ताट : सभेतली बिस्किटं. वाट : एकटी. मन : स्वतःची लाज वाटली. बुधवार. ताट : कारखान्यापाशी अर्धं सफरचंद, रात्री काही नाही. वाट : एका मुलीबरोबर, मग एकटी. मन : सांगता येत नाही. गुरुवारच्या संध्याकाळचं आणि शुक्रवारचं कोरं ठेवलं. खाली लिहिलं, 'रिकामा चौकोन चालेल', आणि तो जुन्याच्या जागी भिंतीवर लावला.

मोठ्या बाईंनी चष्मा वर करून तो वाचला. "अहो, हे काय? वर काय पाठवणार आपण?"

"हेच," मी म्हटलं.

"तुमचं तुम्ही बघा बाई," त्या म्हणाल्या, आणि कानांवर हात ठेवून गेल्या. पण तक्ता काढायला लावला नाही.

शुक्रवारी सकाळी मी वर्गाला सांगितलं, की भरलेलं खोडायचं असेल तर खोडा. मुलं नमुन्यापुढं गर्दी करून उभी राहिली. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही खरंच उभ्यानं जेवता?"

"हो."

"माझी आई पण," ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन खोडरबर शोधू लागली.

दुपारी एक्केचाळीस तक्ते आले. कार्यालयाच्या हिशेबानं पूर्ण फक्त नऊ. साहेबांचं पत्र येणार हे ठरलेलं. मी नवीला म्हटलं, तू घरी जा, आणि एकटीच टेबलाशी बसले. एकेक तक्ता वाचायला लागले, म्हणजे खरोखर वाचायला. फार वेळ लागतो त्याला. कुणाच्या ताटात तीन दिवस नुसता पाव होता. कुणाच्या मनात 'बाबा ओरडतात'. एकाच्या वाटेत 'पळत'. प्रत्येक तक्त्याच्या मागे आता एक घर होतं, आणि तिथवर चालत जायचं होतं मला, या टाचा घेऊन. सोमवारपासून हेच, माझ्या मनात आलं, आणि कंबरच खचल्यासारखी झाली.

काडीचा तक्ता गठ्ठ्यात तळाशी होता.

सोमवार. वाट : एकटी. मंगळवार. वाट : एकटी, सरळ घरी. बुधवार. ताट : डबा भोंग्यानंतर, सफरचंद अर्धं, अर्धं बाईंना. वाट : तक्तेवाल्या बाईंबरोबर. मन : राग आला, मग नाही आला. बाई फार हळू चालतात. त्यांचे पाय दुखतात, पण त्यांना कुणी विचारत नाही. गुरुवार. ताट : डबा दुपारी अर्धा, बाकीचा अर्धा बाकड्यावर आईबरोबर. वाट : आईबरोबर. मन : दोघी रडलो. मुकादम काही बोलला नाही.

शुक्रवारची ओळ कोरी होती. शुक्रवारची संध्याकाळ अजून व्हायची होती.

लाल पेन सवयीनं माझ्या हातात आलं होतं. मी त्याला टोपण लावलं, चपला काढल्या, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले आणि बुधवारची ती ओळ पुन्हा वाचली. मग तिथंच बसून रडले, चांगली रडले. सतरा वर्षं मी विचारत होते, कसं वाटलं, कसं वाटलं. एका पोरीनं मला न विचारताच माझा चौकोन भरून दिला होता.